अकरा ते चार बाग बंद राहील

सुलू भुवडच्या नोकरीला एकच ग्रहण होतं, आणि ते रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला पांढरे कॅनव्हासचे बूट घालून बागेच्या फाटकातून आत यायचं. मृणालिनी पाठारे. वय बहात्तर, पाठ ताठ, मागे घट्ट अंबाडा. गिरगावातली जागा विकून मुलाबरोबर बागेजवळच्या पूनम सागरमध्ये राहायला आलेल्या. मुलगा-सून ऑफिसला गेले की मोबाइल घरीच ठेवून कुलूप लावायचं, बागेत चार फेऱ्या मारायच्या, मग लेडीज टॉयलेटमध्ये जायचं आणि बाहेर आल्या आल्या तक्रार वही मागायची. दोन वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

आता बागेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. फाटकाशीच एक निळा बोर्ड होता. ‘नागरिकांसाठी सुविधा’ असं वर ठसठशीत लिहिलेलं आणि खाली यादी: पिण्याचे थंड पाणी, प्रथमोपचार पेटी, ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची, स्वच्छतागृह, तक्रार वही. पाणी होतं, पण थंड कधीच नव्हतं. प्रथमोपचार पेटीत सुपरवायझर गुणवंतराव आपली तंबाखूची डबी ठेवायचे, त्यामुळे पेटी रोज उघडली जायची खरी. चाकाच्या खुर्चीला उद्घाटनाच्या दिवशी हार घातला होता, तो वाळून तिच्यावरच गळून पडला, आणि खुर्ची स्टोअरमध्ये कुलपात गेली. राहता राहिली तक्रार वही. ती तेवढी जोरात चालू होती, आणि ती चालवत होत्या पाठारेबाई.

स्वच्छतागृहाचा लेडीज भाग सुलूकडे. ठेकेदाराचं माणूस, पगार हातात कमी आणि सही जास्त रकमेवर, पण काशीगावातून चालत-रिक्षाने येण्याजोगी नोकरी. नवरा सुभाष भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, मुलगी दिव्या दहावीला जाणार. गुहागरकडची ही बाई कामाला वाघीण होती हो, उगाच कशाला खोटं बोला. फरशी अशी घासायची की पाय घसरावा. बायका चिखलाच्या चपलांनी ती घाण करायच्या, म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यानं एक सोय काढली होती. बाहेर लाकडी मांडणी, तिथं आपली पायताणं काढायची, आतल्या निळ्या रबरी सपाता घालायच्या आणि जायचं. सहा जोड होते. बायकांना ते आवडलं होतं. पाठारेबाईंनी मात्र वहीत लिहिलं होतं की सपाता ओल्या असतात.

त्या मंगळवारी बाईंनी लिहिलं, ‘सेविका जागेवर नसते, विचारल्यास उलट बोलते.’ गुणवंतरावांनी सुलूला बोलावून वही तिच्यापुढे धरली आणि सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर मी ठेकेदाराला दुसरी बाई पाठवायला सांगणार. ते ओरडले नाहीत, त्यामुळेच ते खरं वाटलं. सुलू बाहेर आली. वॉचमन बबन आणि झाडूवाल्या दोघी झाडाखाली चहा पीत होते. तिथं उभी राहून ती जे बोलली ते तिघांनी ऐकलं.

“या म्हातारीला एक दिवस आतच कोंडून घालते. मग लिहू दे किती लिहायचंय ते.”

सगळे हसले. तीही हसली. रागात माणूस काय काय बोलतो, त्याचा कुणी हिशेब ठेवतो का? ठेवतो, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळायचं होतं.

बुधवार हा काशीगावात पाण्याचा दिवस. आठवड्यातून दोनदाच पाणी, तेही बाराच्या आसपास तासभर, आणि मे महिना. त्या तासाला नळावर नसलात तर पुढचे दोन दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसा. बाग अकराला बंद व्हायची, मग चार वाजेपर्यंत सगळी सामसूम. बुधवारी सुलू नेहमीच जरा आधी आवरायची. तिची पद्धत ठरलेली होती. बाहेरच्या पत्र्याच्या दारावर बादलीचा काठ तीनदा आपटायचा, ‘कुणी आहे का आत?’ असं तीनदा ओरडायचं, आतल्या तीन संडासांची दारं ढकलून बघायची, मग कडी, मग कुलूप. त्या दिवशी तिनं बादली एकदाच आपटली. ओरडलीही एकदाच. आतली दारं ढकलली नाहीत. कडी घातली, कुलूप लावलं, आणि चावी केबिनमधल्या खिळ्याला अडकवायची तीही घाईत कमरेलाच राहिली. फाटकाशी बबन म्हणाला की आज फार घाईत. ती म्हणाली, पाणी. त्यानं मान हलवली. तोही काशीगावचाच, पाण्याचं त्याला काय सांगायचं.

नळावर ती तेरावी होती. ऊन असं की हंड्याला हात लावला तर चटका. पुढे दोन बायकांत चपलांवरून जुंपली होती, एकीची चप्पल दुसरीनं घातली म्हणे. सुलूनं ऐकलं आणि सहज तिच्या मनात आलं की आज आपलाही एक निळा जोड कमी होता. दार ओढताना फटीतून आत बघितलं तेव्हा पाचच दिसले होते. चोरला मेल्यांनी, असं म्हणून ती निघाली होती.

पण रबरी सपाता चोरून नेणाऱ्या बाईनं स्वतःच्या चपला तरी नेल्या असतील ना? मांडणीवर काही नव्हतं. म्हणजे गेली ती सपाता घालून, आपली पायताणं हातात घेऊन? असं कोण करतं? आणि मग तिला आठवलं की एक बाई आहे, जी आपले बूट मांडणीवर कधीच ठेवत नाही. कुत्री नेतात म्हणून ती ते मागच्या बुजवलेल्या खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवते. आज ती बाई आत गेलेली सुलूनं पाहिली होती. बाहेर आलेली पाहिली नव्हती. वही मागितली नव्हती. आज कुणी वही मागितलीच नव्हती.

 पुढची बाई म्हणाली, अगं सरक पुढे, तुझा नंबर येतोय. सुलू सरकली नाही. कारण त्याच क्षणी तिला तो खोकला आठवला.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच अडकली आहे. पाठारेबाईंसारख्या घरातल्या जुन्या बायका संडासातून ओ देत नाहीत. तसं वळणच नाही त्यांना. आतून बोलायचं म्हणजे कसंतरीच. बाहेरून कुणी हाक मारली, दार वाजवलं, की त्या हलकेच खाकरतात. एवढंच. त्याचा अर्थ, आहे मी आत, थांबा. सुलूला हे पक्कं माहीत होतं. दोन वर्षांत तिनं तो खोकला दोनशे वेळा ऐकला असेल, आणि घरी दिव्यापुढे त्याची नक्कलही करून दाखवली होती. आज तिनं बादली आपटली, हाक मारली, आणि कडीला हात घातला तेव्हा आतून तसाच एक खोकला आला होता. तिचा हात थांबला होता. नक्की थांबला होता. मग तिनं स्वतःला सांगितलं होतं की पलीकडच्या वाटेवरून कुणीतरी जातंय. अकराला दहा कमी असताना मे महिन्याच्या उन्हात वाटेवर कोण मरायला जाईल? पण तिला नळ दिसत होता, आणि तक्रार वही दिसत होती, आणि तिनं कडी घातली.

मुद्दाम? नाही. देवाशपथ नाही, ती मनाशी म्हणाली. आणि तरी ऐकलं नव्हतं असंही तिला म्हणता येईना. हंडा तसाच रांगेत टाकून ती निघाली; फोन करावा तर तो घरी दिव्याकडे. मागून कुणीतरी ओरडलं की तुझा हंडा बाजूला काढू का. काढा नाहीतर फेकून द्या.

नाक्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायची पद्धत. दोन माणसं बसली होती, रिक्षावाला तिसऱ्या-चौथ्यासाठी हाका मारत उभा. सुलूनं त्याला सांगितलं की भाईसाब जल्दी करो, और पैसा मैं देती. तिचा चेहरा बघून त्यानं काही न विचारता किक मारली. साडेबारा वाजून गेले होते. म्हणजे दीड-दोन तास. सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर, वर झरोके हाताला न लागणारे, दार लोखंडी पत्र्याचं. दुपारी ते दार बाहेरून हाताला भाजतं. आणि पाणी? टाकीचा पंप अकराला बंद होतो. नळाला थेंब नसणार. म्हातारीला डायबिटिस आहे, हे तिनं स्वतःच एकदा सांगितलं होतं, की मला घाईची लागते म्हणून तरी स्वच्छ ठेवत जा.

  मेली असेल का? हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, जो पहिल्याहून वाईट होता. मेली असेल तर आपल्याला फाशी. काल तिघांच्या देखत आपण म्हणालो. चावी आपल्या कमरेला. कोण ऐकून घेईल की पाणी जाणार होतं म्हणून? पोलीस विचारतील की खोकला ऐकलास का. दिव्याच्या शाळेत कळेल. भुवडांची सून खुनी. तिनं पदर तोंडात कोंबला, शेजारच्या माणसानं सरकून तिला जास्त जागा करून दिली.

आणि हेही सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. रिक्षा पूनम सागरकडे वळली तेव्हा सुलूच्या मनात आलं की परत फिरावं. चारला बाग उघडेल, बबन केबिनमधली दुसरी चावी घेऊन दार उघडेल, काय सापडायचं ते त्याला सापडेल. आपण नळावर होतो, पन्नास बायकांनी पाहिलंय. घाबरलेलं माणूस किती लांबपर्यंत विचार करतं बघा. पण चारला अजून तीन तास होते. आणि तिला एकदम ती म्हातारी दिसली, अंबाडा सुटलेला, त्या तिनंच घासलेल्या फरशीवर पडलेली. सुलूनं रिक्षावाल्याला पुढे, आणखी पुढे, फाटकापर्यंत न्यायला सांगितलं.

फाटकाला आतून साखळी. बबन केबिनमध्ये टेबलफॅन लावून झोपलेला. सुलूनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला उठवलं की सगळं उघडं पडणार. मागच्या कुंपणाला एक गज वाकलेला होता, पोरं दुपारी तिथून क्रिकेट खेळायला शिरत. तिथून गुपचूप जावं, दार उघडावं, बाईंना बाहेर काढावं, पाया पडावं, कुणालाच कळू नये. पण बाई बोलत नसतील तर? एकटी तिथं उभी असताना त्या बोलत नसतील तर? साक्षीदार असला तरी भीती, नसला तरी भीती. तिनं रस्त्यावरचा दगड उचलला आणि फाटकावर आपटत राहिली.

बबन डोळे चोळत आला. “काय झाला गो? रडतंस कनाला?”

तिनं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. बबनची झोप उडाली. साखळी काढता काढता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर सुलू जन्मात विसरणार नाही.

“काल तू काय बोलली होतीस, ध्यानात हाय ना?” तो म्हणाला.

“आहे,” सुलू म्हणाली.

मग दोघंही धावले. वाटेत सगळी फुलझाडं माना टाकून उभी, कारंज्याची टाकी कोरडी. मागच्या खिडकीच्या कठड्यावर पांढरे बूट जोडीनं ठेवलेले होते, आत मोजे दुमडून. सुलूनं किल्ली बबनच्या हातात दिली. बबननं कुलूप काढलं. तिनं हाक मारली, बाई. आतून काही नाही. पुन्हा मारली. खोकलाही नाही. कडी काढली आणि दार ढकललं, तर दार उघडेना. आतून काहीतरी जड टेकलेलं होतं.

 बबन म्हणाला, जोर नको, हळू. त्यानं खांदा लावून वीतभर फट केली, आणि फटीतून पहिल्यांदा बाहेर आली ती वाफ. मग एक हात दिसला, बांगडी घातलेला, फरशीवर उताणा. सुलूनं तो धरला. हात गरम होता. इतका गरम की तिला कळेना हा उन्हाचा गरम की जिवाचा. तिनं मनगट दाबलं, नीट दाबता येईना, स्वतःच्याच बोटांतलं रक्त ठणठणत होतं. बोटं हलली. तिच्या बोटांना त्या बोटांनी धरलं.

सुलूला रडू फुटलं. दुसऱ्याचा जीव राहिला म्हणून की आपला राहिला म्हणून, तेव्हा तिला सांगता आलं नसतं.

पुढचं सगळं धावपळीचं. फटीतून सुलू आत शिरली, बाईंना कडेला सरकवलं, दार सताड उघडलं. बाई डोळे अर्धे उघडे ठेवून बघत होत्या, ओठ पांढरे, तळहात दारावर आपटून आपटून सुजलेले. पाण्याचा घोट घेतला आणि तो परत आला. बबननं स्टोअरचं कुलूप तोडलं आणि ती चाकाची खुर्ची बाहेर काढली. वाळलेल्या हाराच्या पाकळ्या सीटवरच होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत कुणी नागरिक बसला. रस्त्यापलीकडे डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले की आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. सुलू भिंतीला टेकून उभी होती. तासभर. चार वाजायला तेव्हा दोन तास होते.

गुणवंतराव धावत आले. मुलगा ऑफिसातून आला, तो लाल झालेला, पोलिसांत जातो म्हणत होता, ठेकेदारापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना आत टाकतो म्हणत होता. बबन कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडे बघत होता. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं, पण कुणी विचारलं तर तो खोटं बोलणार नाही, हे सुलूला ठाऊक होतं. आणि बोलूही नये त्यानं. गुणवंतरावांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं की कुलूप लावण्याआधी हाक मारली होतीस का.  आता सगळं संपलं, ती मनाशी म्हणाली. तिनं बोलायला तोंड उघडलं तोच कॉटवरून आवाज आला, अगदी बारीक, पण त्यातला दरारा जसाच्या तसा.

“तिनं हाक मारली होती. मीच ओ दिली नाही.”

 बाईंनी दम खात खात सांगितलं की आमच्यात आतून बोलायची रीत नाही, सत्तर वर्षांची सवय, चूक माझी आहे, पोलीसबिलीस काही नको. मुलगा चिडला, म्हणाला आई, काय वेडेपणा आहे हा. गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान पसरलं की जणू कुणीतरी त्यांचीच नोकरी वाचवली होती. त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं की नागरिकाने प्रतिसाद न दिल्याने प्रसंग घडला, सेविकेने तत्परतेने परत येऊन मदत केली. तत्परतेने! सुलूनं तो शब्द वाचला आणि वही मिटून ठेवली.

घरी आल्यावर तिनं सुभाषला सगळं सांगितलं, खोकला सोडून. तो म्हणाला देव पाठीशी होता. दिव्यानं शेजारणीकडून अर्धा हंडा पाणी मागून आणलं होतं. सुलूनं ते प्यायलं नाही.

तिला वाटलं होतं की जीव सुटला, नोकरी राहिली, आता भीती जाईल. भीती कुठली जातेय. दोन दिवस ती कुलूप लावताना प्रत्येक दार चारचारदा ढकलत होती, आणि रात्री डोळा लागला की तिचा हात कडीवर थांबलेला तिला दिसायचा. बाईंना खरं कळलं तर काय होईल, या धास्तीनं तिचं जेवण सुटलं. शुक्रवारी तिनं ठरवलं की आपणच सांगून टाकायचं. मग काय व्हायचं ते होवो. दुपारी बाग बंद झाली तशी ती पूनम सागरमध्ये गेली, नाव विचारत विचारत, तिसऱ्या मजल्यावर.

दार सुनेनं उघडलं. बाई हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या. केस मोकळे, पाठ पहिल्यासारखी ताठ नव्हती. घरातली सगळी दारं उघडी होती, बाथरूमचंसुद्धा. सून हळूच म्हणाली की आई आता कुठलंच दार लावू देत नाहीत. मग ती चहा ठेवायला आत गेली.

सुलू उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं आल्याबरोबर बोलून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

“बाई, मी खोकला ऐकला होता.”

पाठारेबाईंनी मान हलवली. आश्चर्य नाही, राग नाही.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. पलीकडचं माणूस ऐकतंय की नाही, ते मला न बघता कळतं. तू दाराशी थांबलीस. मग कडी लावलीस.”

 मग तुम्ही का खोटं बोललात, एवढंच तिला कसंबसं विचारता आलं.  बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की आत बसून मी एकच गोष्ट मनाशी घोकत होते, ही परत येईल की नाही. आलीस. तुझ्या जागी दुसरी कदाचित आली नसती. आणि तुझी मुलगी दहावीला जाणार आहे, हे मला झाडूवालीनं सांगितलं होतं. मी काही तुझं घर उठवायला निघालेली नाही. माझ्याकडून आता एक शब्द कुठे जाणार नाही, आणि वहीत तर नाहीच.

सुलूला हुंदका आवरेना. दोन वर्षं ती या बाईला शिव्या देत आली होती. ती पुढे झाली आणि पायांवर डोकं ठेवायला वाकली. बाईंनी झटकन पाय वर ओढून घेतले. खुर्चीच्या पाठीला त्या इतक्या टेकल्या की खुर्ची मागे सरकली, आणि दोन्ही हात त्यांनी छातीशी धरले. अजून सूजच होती तळहातांवर.

“नको. जवळ येऊ नकोस,” त्या म्हणाल्या.  “माझा राग नाही सुलू. खरंच नाही. पण मला तुझी भीती वाटते. काय करू, वाटते.”

आतून सुनेनं विचारलं की साखर किती. 

सुलू तशीच पाठीमागे सरकत उंबऱ्याबाहेर आली, जिन्याच्या तीन-चार पायऱ्या उतरली आणि तिथेच बसली. आयुष्यभर ती माणसांना भीत आली होती. लहानपणी बापाला, मग सासूला, मग ठेकेदाराला, गुणवंतरावांना, या म्हातारीला. घाबरणं कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला कळणार. पण आपल्याला बघून कुणी पाय ओढून घ्यावेत, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. तिला वाटलं की नोकरी गेली असती तर बरं झालं असतं. खालून वर येणाऱ्या एका बाईनं विचारलं की काय झालं, बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का. सुलूनं मान हलवून नको म्हटलं, आणि त्या बाईला वाट द्यायला ती भिंतीकडे सरकून बसली.